चार दिवसांचे पाहुणे आणि वर्षभराचा कर

वाचकांचे प्रश्न, करसल्लागाराची उत्तरे

उन्हाळ्याच्या सुटीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी मोठा भाग एकाच विषयाचा आहे. कोणाचे गुहागरला वडिलोपार्जित घर आहे, कोणाचा पर्वरीला फ्लॅट आहे, तर कोणाकडे मुले परदेशी गेल्यामुळे दोन खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. आणि ही जागा दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळवावेत, अशी सर्वांची इच्छा आहे. ती अगदी रास्त आहे. परंतु घर अकरा महिन्यांच्या करारावर देणे आणि ते एका रात्रीच्या हिशेबाने देणे, यांत कराच्या दृष्टीने बराच फरक पडतो, आणि तो फरक बहुतेकांच्या लक्षात नोटीस आल्यावरच येतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

आधी एक खुलासा करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली आहे. त्यापूर्वीच्या उत्पन्नाची विवरणपत्रे जुन्याच कायद्याप्रमाणे भरायची असल्यामुळे आणि वाचकांना जुनेच कलमक्रमांक परिचित असल्यामुळे खाली तेच वापरले आहेत. नव्या कायद्यात क्रमांक बदलले असले, तरी घरभाड्याच्या आकारणीची मूळ तत्त्वे कायम ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. गणेशोत्सवात आम्ही गावी जातो, तेव्हा दहा दिवसांसाठी आमचे घर बाहेरगावच्या एका कुटुंबाला दररोज ५,००० रुपयांप्रमाणे दिले. मिळालेले ५०,००० रुपये विवरणपत्रात दाखवून त्यावर कर भरला, की विषय संपला ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण रक्कम दाखवण्याची तयारी ठेवली आहे, याचा आनंद वाटला, पण विषय तेवढ्यावर संपत नाही, आणि हे आपल्याला आधीच कळावे म्हणून हा प्रश्न मी सर्वप्रथम घेतला आहे.

स्वतः राहत असलेल्या घराचे वार्षिक मूल्य, म्हणजे ज्या रकमेवरून घराचे करपात्र उत्पन्न मोजतात ती रक्कम, कायदा शून्य धरतो आणि ही सवलत दोन घरांपर्यंत मिळते, हे आपल्याला ठाऊक असेलच. परंतु कलम २३ च्या पोटकलम (३) मध्ये या सवलतीला एक अट जोडलेली आहे. घर वर्षातील काही काळासाठी जरी प्रत्यक्ष भाड्याने दिले असेल, तरी ही शून्य मूल्याची सवलत लागू होत नाही. ‘काही काळ’ म्हणजे किती, याची किमान मर्यादा कायद्यात नाही. दहा दिवस हाही काही काळच आहे. एकदा सवलत गेली, की वर्षभर भाड्याने दिलेल्या घराप्रमाणेच आकारणी होते. म्हणजे ते घर वर्षभरासाठी दिले असते तर किती वाजवी भाडे आले असते, याची प्रत्यक्ष आलेल्या भाड्याशी तुलना करून जी रक्कम जास्त, ती वार्षिक मूल्य म्हणून धरली जाते. घर रिकामे राहिल्यामुळे भाडे कमी आले असेल, तर त्यासाठी वेगळा दिलासा आहे. परंतु उरलेले साडेअकरा महिने आपले घर रिकामे नव्हते, त्यात आपण स्वतः राहत होता, त्यामुळे तो दिलासा आपल्याला मिळत नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. आपल्या फ्लॅटचे वाजवी भाडे महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,००,००० रुपये आहे आणि आपण त्या वर्षात १२,००० रुपये मालमत्ता कर भरला आहे, असे समजा. उरलेल्या २,८८,००० रुपयांतून ३० टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे ८६,४०० रुपये वजा केल्यावर करपात्र उत्पन्न २,०१,६०० रुपये होते. आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह कर सुमारे ६२,९०० रुपये येतो. हाती आले ५०,००० आणि कर झाला ६२,९००! कायद्याचे काटेकोर वाचन आपल्याला येथे नेऊन सोडते.

आता दिलासा देणारी बाजूही सांगतो. वाजवी भाडे म्हणजे बाजारात मिळू शकणारे कमाल भाडे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टिप टॉप टायपोग्राफी प्रकरणात असे स्पष्ट केले, की महापालिकेने ठरवलेले करयोग्य मूल्य हे वाजवी भाड्याचे विश्वासार्ह मोजमाप मानता येते आणि ते बाजूला सारायचे असेल, तर करनिर्धारण अधिकाऱ्याकडे ठोस पुरावा असावा लागतो. महापालिकेचे हे मूल्य बाजारभावापेक्षा पुष्कळदा बरेच कमी असते. ते ९०,००० रुपये असेल, तर वरच्याच पद्धतीने करपात्र उत्पन्न ५४,६०० रुपये आणि कर सुमारे १७,००० रुपये होईल. म्हणून मालमत्ता कराच्या देयकाची प्रत आणि करयोग्य मूल्याचा उतारा आपल्याजवळ असलाच पाहिजे.

दुसरा मार्ग पुढच्या वर्षासाठी आहे. संपूर्ण घर देण्याऐवजी त्याचा स्वतंत्रपणे वापरता येईल असा एखादा भाग दिला, तर तेवढ्याच भागाची आकारणी भाड्याची म्हणून होते आणि उरलेला भाग राहता मानला जातो. क्षेत्रफळाच्या प्रमाणात मूल्य आणि मालमत्ता कर विभागायचा असतो. आपल्यासारख्या, वर्षातून एखाद्या वेळीच घर देणाऱ्यांसाठी हा फरक फार मोलाचा आहे.

जाता जाता आणखी एक सांगतो. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिल्याचे आढळले, तर ती सवलत धोक्यात येते, आणि त्या रकमेपुढे दहा दिवसांचे भाडे किरकोळ ठरू शकते. हा हिशेब घर देण्यापूर्वीच करावा.

प्रश्न : गुहागरजवळ आमचे दुसरे घर आहे. ते आम्ही एका संकेतस्थळामार्फत रात्रीला ६,००० रुपये दराने देतो. गेल्या वर्षी ४० रात्री आरक्षण झाले. संकेतस्थळाचे १५ टक्के कमिशन, घर सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, वीज हे सर्व जाऊन फारसे उरत नाही. गृहकर्जाचे व्याजही चालू आहे. यांपैकी काय काय वजा करता येईल? आमचे सनदी लेखापाल म्हणतात की हे उत्पन्न व्यवसायाचे दाखवू या. ते योग्य आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आयकर कायद्यात उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे कोणत्या वर्गात, येते हे एकदा ठरले, की कोणता खर्च वजा होईल, कोणता अर्ज भरायचा, आगाऊ कर लागेल का आणि पुढे घर विकताना काय होईल, हे सारे त्याच्यामागोमाग ठरत जाते.

आपले उत्पन्न घरमालमत्तेच्या शीर्षाखाली आहे असे धरू. ४० रात्रींचे भाडे २,४०,००० रुपये झाले. तिकडे वर्षभराचे वाजवी भाडे याहून कमी असणार, त्यामुळे प्रत्यक्ष भाडेच वार्षिक मूल्य ठरेल. त्यातून त्या वर्षात आपण प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा ४,००० रुपये, वजा होईल. ग्रामपंचायतीची घरपट्टीही चालते, मात्र ती थकलेली असेल तर वजावट नाही. राहिलेल्या २,३६,००० रुपयांवर ३० टक्के, म्हणजे ७०,८०० रुपये, वजा होतील. उरलेल्या १,६५,२०० रुपयांतून कर्जाचे व्याज वजा होईल. ते १,२०,००० रुपये असेल, तर करपात्र रक्कम ४५,२०० रुपये राहील. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाची ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते, स्वतः राहत्या घराची मात्र मिळत नाही. एवढे लक्षात ठेवा, की व्याज भाड्याहून जास्त होऊन तोटा आला, तर नव्या प्रणालीत तो पगाराच्या किंवा अन्य शीर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि जुन्या प्रणालीत ही मर्यादा वर्षाला २ लाख रुपये आहे.

यात कमिशन, राखणदाराचा पगार आणि वीज यांना वेगळी जागा नाही. हे सर्व त्या ३० टक्क्यांत आले, असे कायदा मानतो. आपले कमिशन ३६,००० रुपये होते. पगार आणि वीज धरली, तर खर्च ७०,८०० रुपयांच्या पुढे जातो हे उघड आहे. म्हणूनच व्यवसायाचे शीर्ष आकर्षक वाटते, कारण तेथे प्रत्यक्ष खर्च आणि शिवाय घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळतो.

परंतु २०२४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने कलम २८ ला एक स्पष्टीकरण जोडले असून ते आर्थिक वर्ष २०२४–२५ च्या उत्पन्नापासून लागू आहे. राहण्याचे घर किंवा त्याचा भाग मालकाने भाड्याने दिल्यामुळे होणारे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाणार नाही, ते घरमालमत्तेचेच धरले जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भाडे महिन्याचे आहे की रात्रीचे, असा भेद त्यात केलेला नाही. आपण पाहुण्यांना किल्ली देता, ते राहतात आणि निघून जातात; चहासुद्धा आपल्याकडून नसतो. अशा स्थितीत हे उत्पन्न व्यवसायाचे दाखवणे मला टिकणारे वाटत नाही आणि आपल्या सनदी लेखापालांशी मी येथे सहमत नाही.

जेथे मालक स्वतः तेथेच राहून पाहुण्यांना न्याहारी-जेवण देतो, रोज साफसफाई करतो, किनाऱ्यावर फिरवून आणतो, तेथे परिस्थिती वेगळी असते. तेथे पाहुणा केवळ जागेचे नव्हे, तर पाहुणचाराचे पैसे देत असतो. पूर्वीही न्यायालयांनी हाच प्रश्न हाताळला आहे. १९६४ च्या सुलतान ब्रदर्स प्रकरणात सामानसुमानासह हॉटेलसाठी दिलेल्या इमारतीचे भाडे ना घरमालमत्तेचे, ना व्यवसायाचे, तर अन्य स्रोतांचे उत्पन्न आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, कारण इमारत आणि सामान एकमेकांपासून वेगळे काढता येत नव्हते. २०१५ च्या चेन्नई प्रॉपर्टीज प्रकरणात, भाड्याने देणे हाच ज्या कंपनीचा मूळ धंदा होता, तिचे भाडे व्यवसायाचे मानले गेले. राहत्या घरांपुरता या दुसऱ्या निर्णयाचा आधार २०२४ च्या स्पष्टीकरणानंतर क्षीण झाला आहे. म्हणून जेवण आणि सेवा पुरवणाऱ्या घरमालकांना माझा सल्ला असा, की राहण्याची आणि जेवण-सेवांची देयके पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. जेवणाचे उत्पन्न व्यवसायाचे, याबद्दल वाद होणार नाही; खोलीच्या भाड्याबद्दल वाद झालाच, तर तो तेवढ्यापुरताच राहील.

व्यवसायाचे शीर्ष निवडण्याची ओढ असलेल्यांना आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राहते घर विकून दुसरे घर घेतल्यास भांडवली नफ्यावर सूट देणारे कलम ५४ हे, ज्या घराचे उत्पन्न घरमालमत्तेच्या शीर्षाखाली आकारले जाते, अशाच घराबद्दल बोलते. घर व्यवसायात नेले, त्यावर घसारा घेतला आणि पुढे ते विकले, तर कलम ५० प्रमाणे तो नफा अल्पकालीन ठरतो, मग ते घर आपल्याकडे वीस वर्षे का असेना. दरवर्षी काही हजारांचा कर वाचवण्याच्या नादात विक्रीच्या वर्षी लाखोंचा फटका बसलेले घरमालक मी पाहिले आहेत आणि त्यांना सावरायला त्या वेळी माझ्याजवळ काही उपाय नव्हता. दुसरी गोष्ट ज्येष्ठांची आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी करदात्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही. व्यवसाय दाखवला, की ही मुभा जाते.

घर रिकामे असण्याच्या दिलाशाबद्दलही एक सूचना करतो. संकेतस्थळावरील आपल्या घराचे दिनदर्शिकेचे पान दर महिन्याला छापून ठेवा. कोणत्या दिवशी घर आरक्षणासाठी खुले होते आणि कोणत्या दिवशी आपण ते स्वतःसाठी राखून ठेवले होते, हे त्यावरून सिद्ध होते. घर खुले असूनही पाहुणे आले नाहीत, तर ती खरी रिकामी जागा. आपण स्वतः राहायला गेलात, तर नाही. तिकडचे वाजवी भाडे वाढले, तर पुढे हा कागद उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या बँक खात्यात संकेतस्थळाकडून वर्षभरात ५,१०,००० रुपये जमा झाले, पण आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात माझ्या नावावर ६,००,००० रुपये दिसत आहेत. ही चूक कोणाची?
— एक वाचिका, महाबळेश्वर

उत्तर : चूक कोणाचीही नाही. पाहुण्याने ६,००,००० रुपये दिले, संकेतस्थळाने आपले कमिशन कापून उरलेली रक्कम आपल्याला पाठवली. आपले भाडे मात्र ६,००,००० रुपयेच आहे आणि विवरणपत्रात तोच आकडा आला पाहिजे. बँकेच्या पासबुकावरून विवरणपत्र भरण्याची सवय इथे अडचणीत आणते.

कलम १९४-ओ प्रमाणे संकेतस्थळाला निवासी मालकाच्या एकूण रकमेवर उगमकर (टीडीएस) कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून ०.१ टक्के झाला आहे. वैयक्तिक मालकाची त्या संकेतस्थळावरील वर्षाची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल आणि त्याने पॅन किंवा आधार दिले असेल, तर कपात होत नाही. पॅन दिले नसेल, तर दर ५ टक्क्यांवर जातो. आपली रक्कम ५ लाखांच्या वर असल्यामुळे सुमारे ६०० रुपये कापले गेले असतील. ते आपल्याला जमा मिळतील, पण तेवढा कर कापला म्हणजे कर भरला असे समजू नका. वर्षाचा निव्वळ कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरायचा असतो. महाबळेश्वरला मुख्य हंगाम एप्रिल-मे मध्ये येतो, म्हणजे वर्षाच्या आरंभीच. त्यामुळे जूनचा हप्ता विसरू नये.

प्रश्न : गोव्यात कांदोळीला आमचा दोन शयनकक्षांचा फ्लॅट आहे. डिसेंबरमध्ये रात्रीला ९,००० आणि पावसाळ्यात ४,००० रुपये दर असतो. आम्ही जीएसटी नोंदणी केलेली नाही. करावी लागेल का? आणि घर पतीच्या नावावर असल्यामुळे सर्व उत्पन्न त्यांचेच दाखवायचे ना? आम्ही दोघेही मूळचे गोव्याचे आहोत.
— एक वाचिका, म्हापसा

उत्तर : राहण्यासाठी घर भाड्याने देणे हे वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, हे ऐकून अनेक जण निश्चिंत असतात. ती मुक्ती मात्र निवासासाठी दिलेल्या घराला आहे. आपला फ्लॅट पर्यटकांना दिला जातो, म्हणजे तो अतिथिगृहासारखा वापरला जातो आणि ती सेवा करपात्र आहे.

नोंदणीची मर्यादा गोव्यात आणि महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपये एकूण उलाढाल अशी आहे. ही मर्यादा घरागणिक नसून पॅनवर मोजली जाते आणि तिच्यात करमुक्त पुरवठाही धरतात. त्याच पॅनवर अन्यत्र एखादे दुकान चालवले जात असेल किंवा दुसरा फ्लॅट कुटुंबाला वर्षभरासाठी दिलेला असेल, तर तीही रक्कम त्यात मिळवावी लागते. पगार मात्र मिळवायचा नाही. २० लाखांच्या आत असाल, तर संकेतस्थळामार्फत सेवा देत असूनही आपल्याला नोंदणीची सक्ती नाही. अशा वेळी जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे कर गोळा करून भरण्याची जबाबदारी संकेतस्थळावर येते. मर्यादा ओलांडल्यावर ही जबाबदारी आपली होते. जे पाहुणे आपल्याला थेट दूरध्वनी करून येतात, त्यांचे पैसेही मर्यादेत मोजले जातात. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘ते तर ओळखीचे’ म्हणून ही रक्कम हिशेबाबाहेर ठेवण्याची चूक सर्रास होते.

दराबाबत २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठा बदल झाला. दर दिवशी प्रति युनिट ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर आता ५ टक्के कर आहे, मात्र त्यावर खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. ७,५०० च्या वर गेल्यास १८ टक्के लागतात आणि ती वजावट मिळते. म्हणजे आपल्या पाहुण्यांना डिसेंबरमध्ये १८ टक्के आणि पावसाळ्यात ५ टक्के भरावे लागतील. संपूर्ण फ्लॅट एकत्र देत असाल, तर तोच एक युनिट. चार पाहुण्यांमध्ये ९,००० भागून माणशी २,२५० येतात, म्हणून दर ५ टक्के, असा हिशेब चालणार नाही. दर ठरवताना ७,५०० आणि ८,००० यांमधला फरक केवळ ५०० रुपयांचा नाही: पहिल्यात पाहुणा ७,८७५ रुपये देतो, दुसऱ्यात ९,४४०.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतील पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेची पद्धत आजही चालू आहे आणि आयकर कायद्याचे कलम ५-अ त्याची दखल घेते. ज्या दांपत्याला ही पद्धत लागू आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्त प्रत्येक शीर्षाचे उत्पन्न पती आणि पत्नीत निम्मे-निम्मे विभागून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. विवाहापूर्वी वेगळ्या पद्धतीचा करार केलेला नसेल, तर कांदोळीच्या भाड्याचा अर्धा हिस्सा आपला आहे. हा पर्याय नसून कायद्याचा आदेश आहे आणि आपल्याकडे अन्य उत्पन्न नसेल, तर तो आपल्या दोघांच्या फायद्याचाही आहे. मुंबईहून येऊन गोव्यात घर घेतलेल्यांना मात्र हे लागू होत नाही. त्यांचे उत्पन्न मालकीच्या हिश्श्याप्रमाणेच विभागले जाते. गोवा पर्यटन व्यापार नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याकडची नोंदणी हा करापासून वेगळा विषय आहे, पण ती झालेली आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. नाशिकला माझ्या नावावर घर आहे. आई ते पाहुण्यांना देते आणि भाडे तिच्याच खात्यात जमा होते. तिचे उत्पन्न कमी असल्यामुळे तीच ते आपल्या विवरणपत्रात दाखवते. यात काही गैर आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आईला आधार मिळावा ही आपली भावना मी समजू शकतो, परंतु कराच्या दृष्टीने हे चुकीचे आहे. घर आपले असताना केवळ त्याचे उत्पन्न दुसऱ्याला दिले, तर कलम ६० प्रमाणे ते उत्पन्न आपल्याच हाती आकारले जाते. आईने स्वतःच्या नावावर कर भरला, म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. भाडे आपल्या अनिवासी सामान्य रुपया खात्यात यावे आणि भारतात आपले स्वतःचे विवरणपत्र भरावे. त्यातून आईला हवी तेवढी रक्कम द्या, ती तिच्यासाठी करमुक्त देणगी असेल.

अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्याने कलम १९५ प्रमाणे उगमकर कापायचा असतो आणि तो उपकरासह ३१.२ टक्के असतो, ०.१ टक्क्याची वर सांगितलेली तरतूद फक्त निवासी मालकांसाठी आहे. एखादी व्यवस्थापन संस्था आपल्या वतीने भाडे गोळा करून पाठवत असेल, तर तिच्याशी हे आधीच बोलून घ्या. प्रत्यक्ष कर याहून कमी होणार असेल, तर कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून घेता येते. नाही तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. नव्या प्रणालीतील १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाला कर न लागू देणारी सूट अनिवासींना मिळत नाही, त्यामुळे ४ लाखांच्या पुढे आपल्याला कर लागेल. भारत-अमेरिका करारानुसार स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर ती जेथे आहे त्या देशाला कर आकारता येतो. अमेरिकेतही हे उत्पन्न दाखवावे लागेल आणि येथे भरलेल्या कराची जमा तिकडे मागता येईल. तिकडचे करवर्ष जानेवारीपासून आणि आपले एप्रिलपासून असल्यामुळे प्रत्येक आरक्षणाची तारीख नोंदवलेली वही आईला ठेवायला सांगा, नाही तर ही जमा मागताना दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत.

प्रश्न : मुळशीला शेतात बांधलेले आमचे घर कृषी पर्यटनासाठी देतो. जमीन शेतीची, घर शेतातले. मग हे शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त आहे, असे गावातले सगळे सांगतात.
— एक वाचक, मुळशी

उत्तर : गावात सांगतात ते बरोबर नाही. शेतीच्या उत्पन्नाच्या व्याख्येतच स्पष्टीकरण देऊन म्हटले आहे, की शेतातील इमारत किंवा जमीन शेतीव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी, राहण्यासाठी भाड्याने देण्यासकट, वापरली, तर त्यापासूनचे उत्पन्न शेतीचे नव्हे. पाहुण्यांच्या राहण्याचे पैसे करपात्र आहेत. आपल्याच शेतात पिकवलेली भाजी, तांदूळ, आंबे पाहुण्यांना विकले, तर तेवढे उत्पन्न मात्र शेतीचेच राहते. राहणे, जेवण आणि शेतमाल यांची तीन देयके वेगळी करा. शेताच्या नावाखाली सर्व रक्कम एकत्र दाखवली, तर जे खरोखर करमुक्त आहे तेही सिद्ध करणे आपल्याला जड जाईल.

प्रश्न : हिंजवडीत मी तीन फ्लॅट महिन्याच्या भाड्याने घेतले असून ते कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांना दिवसाच्या हिशेबाने देतो. मलाही ३० टक्के वजावट मिळेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : मिळणार नाही. घरमालमत्तेचे शीर्ष फक्त मालकासाठी आहे आणि आपण मालक नाही. आपले उत्पन्न व्यवसायाचे आहे. त्यातून मालकाला दिलेले भाडे, कमिशन, पगार, वीज आणि सामानावरचा घसारा हे सर्व वजा होते. ज्या अडचणीने गुहागरच्या वाचकांना घेरले आहे, ती आपल्याला नाही. हिशेब ठेवणे शक्य नसेल, तर कलम ४४-अड खाली डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा गृहीत धरण्याची सोय आहे, परंतु तुमच्या धंद्यात प्रत्यक्ष नफा किती उरतो, हे पाहूनच ती स्वीकारावी; एकदा स्वीकारून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही. तीन फ्लॅटची मिळून उलाढाल २० लाखांपलीकडे सहज जाईल, आणि एकदा जीएसटी नोंदणी झाली, की मालकांना देत असलेल्या भाड्यावर उलट आकारणीने, म्हणजे भाडे घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीने, तुम्हालाच १८ टक्के कर भरावा लागेल. रात्रीचा दर ७,५०० च्या आत असेल, तर त्या १८ टक्क्यांची वजावटही मिळणार नाही. मालकांशी पुढचा करार करण्यापूर्वी ही रक्कम दरात धरली आहे का, ते तपासा.